गावावरचं रॉक बॅलड का फसतं? या चुका टाळा

खान्देशातल्या जवळपास प्रत्येक हौशी बँडकडे आपल्या गावावरचं एक रॉक बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारं संथ गाणं असतं, आणि ते अर्धवट असतं. मुखडा तयार, जी-डी-ई मायनर-सी हे कॉर्ड ठरलेले, फोनमध्ये एक व्हॉइस नोट आणि तिच्यामागे घरघरणारा कूलर. कडवं मात्र काही केल्या बसत नाही. अशी गाणी माझ्याकडे ‘जरा बघ ना’ म्हणून येतात. माझं स्वतःचं गाणं सहा वर्षं असंच अडकलं होतं, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका मी आधी स्वतः केलेल्या आहेत.

‘-यचो’ची साथ

सगळ्यात मोठी चूक क्रियापदात बसलेली असते. पुलावर बसायचो, रस प्यायचो, ट्रिपल सीट फिरायचो, क्लास बुडवायचो. ओळीमागून ओळ ‘-यचो’. आठवणींना हे रूप फार सोयीचं, कारण यमक फुकटात मिळतं. पण रोज घडायचं ते ऐकणाऱ्याला एकदाही घडताना दिसत नाही. तो मान डोलावतो, ‘हो रे, आम्हीपण’ म्हणतो आणि पुढच्या गाण्याला विसरतो.

माझ्या कडव्यात होतं, ‘भुसावळच्या गच्चीवर रात्री आम्ही गायचो.’ भारनियमनाचे दिवस. लाइट गेली की खाली उकडून जीव जायचा, म्हणून गिटार घेऊन वर. गाणं पाच-सहा जणांना ऐकवलं, कुणी काही बोललं नाही. शेवटी एक जण म्हणाला, “भो, त्यातली एक रात्र सांग ना.” मला एकच रात्र नीट आठवत होती. गाणं मध्यावर असताना लाइट आली, अख्ख्या कॉलनीतून ‘आली रेऽ’ असा ओरडा उठला, आणि गाणारा मित्र थांबून पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो सुरतला कामाला जाणार होता. उजेडात आम्हाला त्याचं तोंड दिसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

‘लाइट आली, तू टाकीकडे वळलास.’ ही ओळ सापडल्यावर जुन्या कडव्यातलं काहीच लागलं नाही.

तेव्हा उपाय असा: एका कडव्यात एकच ‘-यचो’ ठेवा, तोही पहिल्या ओळीत. त्यानंतर क्रियापद एकदाच घडलेलं हवं. आला, बसला, म्हणाला, गेला. अशी एकही रात्र आठवत नसेल तर गाणं अजून झालेलं नाही. कॉर्ड बदलत बसू नका, कारण दोष कॉर्डचा नाही. त्या चार कॉर्डवर जगभर हजारो गाणी उभी आहेत.

खान्देशचं पॅकेज

केळीच्या बागा, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, तापीमाई, बहिणाबाई. हे सगळं एका कडव्यात आलं की गाणं पर्यटनाच्या जाहिरातीसारखं वाटू लागतं. हे बाहेरच्यांना दाखवण्यासाठी लिहिलंय, हे गावातल्या माणसाला लगेच कळतं. भरीत खाणारा माणूस भरतावर गाणं म्हणत नाही, तो आणखी एक भाकरी मागतो.

यातली एकच गोष्ट घ्या आणि तिला काम द्या. केळी घ्यायची तर केळीचा चीक घ्या. रावेर-सावद्याकडच्या कुणालाही विचारा. चीक शर्टाला लागतो तेव्हा धड दिसतही नाही. नंतर तो काळपट तपकिरी होतो, आणि मग शर्ट फाटेपर्यंत तिथेच राहतो. यात अख्खं बॅलड आहे. फक्त ‘आठवणींचा चीक’ असं लिहून त्याची माती करू नका. तो शर्ट आज कुठे आहे, कुणाच्या अंगात आहे, की घरात फरशी पुसायला निघालाय, तेवढं सांगा.

गावाचं नाव मुखड्यात चार-चार वेळा घेण्याचंही तसंच. एड शीरनचं २०१७ मध्ये आलेलं ‘कॅसल ऑन द हिल’ इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या फ्रॅमलिंगहॅम या त्याच्या गावाबद्दल आहे, पण त्यात गावाचं नाव एकदाही येत नाही. टेकडीवरचा किल्ला येतो, गाड्या भरधाव पळतात आणि पुढच्या भागात जुने मित्र आता काय करतात ते येतं. एवढ्यावर गाव उभं राहतं. धुळ्याचा मुलगा नुसतं ‘गल्ली नंबर पाच’ म्हणाला तरी धुळेकराला पुरतं, आणि बाहेरच्याला त्या आकड्यात आपली गल्ली दिसते.

आजोबांच्या आठवणी परत करा

जन्म १९९२चा आणि गाण्यात कंदील, बैलगाडी, झुकझुक गाडी. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५पर्यंत नियमित सेवेतून गेली होती. भुसावळला वाढलेल्या मुलाच्या कानात विजेच्या इंजिनाचा भोंगा असतो, रात्री मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत जातात तो आवाज असतो. झुकझुक त्याने पाठ्यपुस्तकात वाचलेली असते. तुमच्या वयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत: सायबर कॅफेतला तासाचा हिशोब, नोकिया ११००चा टॉर्च, कॅसेटची निघालेली टेप पेन्सिलने गुंडाळणं. या गोष्टी अजून पुरेशा जुन्या वाटत नाहीत म्हणून लाजू नका.

(पाचोरा-जामनेरकडच्यांना इथे सूट. त्यांच्याकडे खरोखरची नॅरोगेज होती, ‘पीजे’. कोरोनाच्या काळात ती थांबली. तिच्यावर अजून एकही चांगलं रॉक गाणं माझ्या कानावर आलेलं नाही, हे त्या भागातल्या गिटारवाल्यांनी मनावर घ्यावं.)

उलट्या बाजूची चूकही असते. सगळं तारीखवार खरंच पाहिजे म्हणून माणूस अडून बसतो. ‘त्या वर्षी आम्ही अकरावीत होतो की बारावीत?’ ब्रायन ॲडम्स आणि जिम व्हॅलन्स यांनी लिहिलेलं ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ १९८४च्या ‘रेकलेस’ अल्बममध्ये आलं. ॲडम्सचा जन्म १९५९चा, म्हणजे त्या उन्हाळ्यात तो अवघा नऊ वर्षांचा होता. बँड, प्रेम, ताटातूट या त्या वयाच्या गोष्टी नव्हेत. गाण्याचं त्यामुळे काही बिघडलं नाही. माझं गाणं झाल्यावर मी सुरतच्या त्या मित्राला फोन करून ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “टाकीकडे मी नाही, तू वळला होतास.” मी ओळ बदललेली नाही. बदलायला हवी होती का, यावर आमचं अजून भांडण आहे.

बोलीची फोडणी

अख्खं गाणं पुस्तकी मराठीत आणि मध्येच एक ‘मन्हं गाव’, मिरवायला. हे फार होतं. त्याहून वाईट म्हणजे चाळीसगाव-धुळ्याकडची अहिराणी आणि यावल-रावेरकडची लेवा बोली एकाच माणसाच्या तोंडी घालणं. पुण्यात ते खपेल. फैजपुरात लोक हसतील, आणि हसणाऱ्यांत तुमची मावशी असेल.

साधा नियम असा की बोली त्या माणसाची असते. मित्र अहिराणी बोलत होता तर त्याचं वाक्य तसंच ठेवा. स्टेशनावर कुणी विचारलं असेल, ‘कथा चालना भो?’ तर तसंच गा, आणि पुढच्या ओळीत त्याचं मराठी भाषांतर करू नका. ज्याला कळलं नाही त्याला सुरावरून कळेल. आणि तुम्ही स्वतः घरी अहिराणीच बोलत असाल तर अख्खं गाणं अहिराणीत का नाही, हा प्रश्न मी दर वेळी विचारतो. उत्तर म्हणून बहुधा खांदे उडतात.

खिडकीतली ती

नव्वद टक्के गाण्यांत (आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही) एक मुलगी खिडकीत उभी असते, ओढणी उडते आणि पुढे तिचं लग्न होतं. तिला नाव नसतं, बोलणं नसतं. गाव सोडून गेल्याचं दुःख मात्र सगळं गिटार वाजवणाऱ्या मुलाला. आपल्याकडे गाव सुटल्याची गाणी मुळात बायकांची आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गातात ती गाणी माहेराची, म्हणजे सुटलेल्या गावाचीच. त्यांना वर्षातून थोडे दिवस परत मिळतं आणि पुन्हा सोडावं लागतं. आपलं गाणं लिहिण्याआधी घरातल्या एखाद्या आत्याला ती गाणी म्हणायला लावा. ठेका बघा. झोक्याचा हेलकावा सहा-आठच्या तालात किती सहज बसतो, हे ड्रमरला न सांगता कळेल.

शब्द सुरावर का अडखळतात

कागदावर चांगली ओळ गाताना विचित्र वाटते, याची कारणं बहुधा दोनच. पहिलं, ऱ्हस्व अक्षर ओढलेलं असतं. ‘नदी’तला ‘न’ लांबवून ‘नऽऽदी’ केलं की ऐकणारा क्षणभर अडखळतो. लांबवायचा तो ‘दी’. ओळ आधी टेबलावर ताल देत नुसती बोला, जोर जिथे आपोआप पडतो तिथेच ठोका येऊ द्या. दुसरं, मुखड्याच्या उंच जागी चुकीचा स्वर. ‘आ’ आणि ‘ओ’वर गळा मोकळा होतो, ‘इ’वर अनेकांचा आवळतो. ‘होतं’ तर खास सापळा आहे: शेवटचा ‘अ’ लांबवला की तो ‘आ’ होतो आणि ‘होतं’चं ‘होताऽऽ’ ऐकू येतं. ‘आमचा गाव’ आपल्याकडे चालतो म्हणून तिथे निभावतं, पण ‘ते घर होताऽऽ’ कसं निभावणार?

पट्टीचंही इथेच सांगतो. गाणं रात्री लिहिलेलं असतं, घरचे झोपलेले, म्हणून आवाज दबका. तीच पट्टी घेऊन ड्रमसोबत उभे राहिलात की पहिलं कडवं गायब. आधी मुखड्यातला सगळ्यात उंच सूर तुमच्या गळ्याला न ओरडता कुठे जोरकस लागतो ते शोधा, त्यावरून पट्टी ठरवा, कॅपो (पट्टी चढवायचा तारांवरचा चिमटा) लावा. मग कडवं खालच्या सुरात आपोआप जाईल.

आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा तो फाटका, जाड आवाज, पहिल्या मिनिटात संपवू नका. एक गिटार आणि आवाज, दुसऱ्या कडव्याला बेस, मग ड्रम. माझ्या गाण्यात मोठी गिटार फक्त ‘लाइट आली’ला सुरू होते. त्याआधी चार वेळा मोह झाला.

मे महिन्यातली गिटार

‘गाणं बेसूर वाटतंय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचं गाणं ठीक असतं, गिटार ठीक नसते. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसकडे गेला की तापलेल्या स्टीलच्या तारा सैल होतात आणि सूर उतरतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, वरची फळी किंचित खाली बसते, तारा फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना) लागून झणझणतात आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. मग आपण कूलरसमोर बसतो. कूलरची ओली हवा लाकूड फुगवते, तारा उंच होतात आणि बोटं दुखतात. दिवसातून दोनदा असा हिसका बसल्यावर कुठली गिटार सुरात राहील?

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. वाजवून झालं की केसमध्ये ठेवा, आणि केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा. पाणी गळता कामा नये. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका. गोंद मऊ पडतो आणि ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची पट्टी, उचलला जातो. झणझण ऐकू आली की लगेच ट्रस रॉडला (गिटारच्या मानेतल्या दांड्याला) पाना लावणारे बरेच भेटतात. आधी चार दिवस केसमध्ये ठेवून बघा.

रेकॉर्डिंगमध्ये ‘हूंऽऽ’ येत असेल तर तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर अर्थिंगचा घोटाळा असू शकतो, जुन्या वायरिंगच्या घरात तो बऱ्याचदा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या, अर्धी भानगड तिथेच मिटते. ॲम्प आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून चालवा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण पन्नास आणि शंभरच्या आसपास बसते. आवाजाच्या ट्रॅकवर ऐंशी-शंभरच्या खालचं कापलं तर थोडी हटते, पण शंभरची पूर्ण जात नाही, तिथे माणसाचाही आवाज असतो. म्हणून मुळातच ती येऊ देऊ नका.

कूलर मात्र कापून जात नाही, तो सगळीकडे पसरलेला असतो. त्याला उपाय एकच, पहाटे पाचला उठा. कूलर बंद, खिडक्या बंद, दाराला गोधडी, माइक तोंडापासून वीतभर. साडेसहापर्यंत दोन-तीन टेक मिळतात, मग खोली तापते. मध्येच लांबून एखादी मालगाडी गेली तर लगेच डिलीट करू नका, एकदा ऐकून बघा. माझ्या दुसऱ्या कडव्यामागे एक आहे.