एच अँड ई स्टेनिंगचा रंग आकड्यांत धरा

एच अँड ई म्हणजे ऊतींच्या कापांना दिलेले दोन रंग: न्यूक्लियससाठी निळं हिमॅटॉक्सिलिन, बाकीच्या भागासाठी गुलाबी इओसिन. रोज एकाच कंट्रोल ब्लॉकचा (तुलनेसाठी राखलेल्या ऊतीच्या ठोकळ्याचा) ४ मायक्रॉनचा सेक्शन (पातळ काप) स्टेन करा. अपेंडिक्स उत्तम: लिम्फोसाइट्सही भरपूर, स्नायूही. स्कॅनर, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स तेच ठेवा. क्युपाथमध्ये (स्लाइडच्या प्रतिमा मोजायचं सॉफ्टवेअर) स्टेन व्हेक्टर, म्हणजे दोन रंग वेगळे काढायचे आकडे, पहिल्याच दिवशी ठरवा आणि मग त्यांना हात लावू नका. रोज नव्याने काढलेत तर जो फरक पकडायचा तोच गिळला जातो. हिमॅटॉक्सिलिनची ऑप्टिकल डेन्सिटी (रंगाचा गडदपणा) न्यूक्लियसवर मोजा, इओसिनची स्नायूवर. घडी पडलेला भाग वगळा. पहिल्या २० स्लाइड्सची सरासरी आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा नेहमीचा चढउतार) काढा. आकडा सरासरीपासून दोन एसडीबाहेर गेला की रुग्णांच्या स्लाइड्स थांबवा.

दोन्ही रंग एकदम चढले? बहुधा सेक्शन जाड. नुसतं हिमॅटॉक्सिलिन उतरलं, तर द्रावण थकलंय किंवा स्लाइड अ‍ॅसिड अल्कोहोलमध्ये (जादा रंग काढणारं द्रावण) जास्त राहिली. न्यूक्लियस निळ्याऐवजी तांबूस दिसले, तर ब्लूइंग (हिमॅटॉक्सिलिनला निळं करणारी पायरी) अपुरं झालंय.