कबड्डी मंडळात सभासदांचं मतदान कसं घ्यावं

मंडळातली भांडणं मतपेटीवरून कमी आणि यादीवरून जास्त होतात. म्हणून आधी सभासद नोंदवही काढा. सभेच्या १५ दिवस आधीची एक तारीख ठरवा. त्या दिवसापर्यंत वर्गणीची पावती फाटली असेल, त्यालाच मत. यादी समाजमंदिरावर लावा, हरकतींना ३ दिवस द्या. कंपनीत कामाला नागपूर-पुण्याला गेलेल्या पोट्ट्यांना मत आहे की नाही, हेही यादी लावण्याआधीच ठरवा. नंतर ठरवलं की ते कोणाच्या तरी फायद्याचंच दिसतं.

पेरणी आणि कापूस वेचणीत सभा ठेवली तर गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) होणार नाही. अक्षय तृतीया ते पहिला पाऊस हे दिवस बरे, वेळ रात्री ८ नंतरची. नोटीस किती दिवसांची आणि गणपूर्ती किती, ते मंडळाच्या घटनेत पाहा. निवडणूक किंवा पैशाचा विषय ‘आयत्या वेळच्या विषयांत’ घुसवू नका. असा ठराव पुढे टिकत नाही.

मताला काय टाकायचं? वर्गणी, हिशेब, मॅटची खरेदी, कार्यकारिणी. संघनिवड मात्र नाही. इंग्लंडचा एब्सफ्लीट युनायटेड हा फुटबॉल क्लब २००८ मध्ये इंटरनेटवर जमलेल्या हजारो सभासदांनी विकत घेतला. संघही मतदानानं निवडायचा बेत होता, पण निवड शेवटी प्रशिक्षकाकडेच राहिली. आपल्या गावात तर रेडर भावकीवरून ठरेल!

साधे ठराव हात वर करून चालतात. माणसं निवडायची असतील तर गुप्त चिठ्ठीच. व्हॉट्सअॅप पोलमध्ये कोणी कोणाला मत दिलं ते दिसतं, मत मागाहून बदलता येतं आणि दोन सिमवाला दोनदा देतो.

यादीत ६० नावं असतील तर ६० चिठ्ठ्या छापा, मागे निवडणूक अधिकाऱ्याची सही. अधिकारी उमेदवार किंवा त्याचा नातेवाईक नको. शेजारच्या गावचे गुरुजी चालतील. रिकामी पेटी सर्वांना दाखवून सील करा. यादीवर सही किंवा अंगठा घेऊनच चिठ्ठी द्या. ७ जागांसाठी ११ उमेदवार असतील तर ७ पर्यंत खुणा चालतात, आठवी झाली की चिठ्ठी बाद. सगळ्यात जास्त मतं इथंच वाया जातात, म्हणून हे आधी मोठ्यानं सांगा.

मोजणीत चिठ्ठ्या आधी पालथ्याच मोजून सह्यांशी ताळा घ्या. एक जरी जास्त निघाली तर नावं वाचायच्या आधी फेरमतदान. समसमान मतं पडली तर काय, तेही मतदानाआधी लिहून ठेवा.

निकाल त्याच रात्री प्रोसिडिंग बुकात, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह लिहा. मंडळ सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेलं असेल तर कार्यकारिणी बदलल्यापासून ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्याला नोटीस, हजेरी आणि ठरावाची प्रत जोडा.