कुसळं धरली की जनावराची जीभ बघा

गवत वाळून कुसळं धरू लागली, की पुढचे काही महिने जनावरांच्या तोंडाकडे लक्ष हवं. आपण खूर बघतो, कास बघतो. जीभ मात्र जनावराने चारा सोडेपर्यंत कुणी बघत नाही.

गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जीभ बाहेर काढून गवताला वेढा घालते, ते खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांत धरते आणि हिसक्याने तोडते. त्यामुळे कुसळ, काटा, तारेचा तुकडा आधी जिभेलाच भिडतो. जिभेवरचे खरखरीत काटे घशाकडे वळलेले असल्याने आत गेलेलं सहजी बाहेर टाकता येत नाही. जिभेच्या मागच्या भागावर एक उंचवटा असतो आणि त्याच्या अगदी पुढे खाच. कुसळं नेमकी तिथे रुततात. जखमेतून, एरवीही तोंडात राहणारे जिवाणू आत शिरले की जीभ सुजून लाकडासारखी कडक होते. यालाच लाकडी जीभ म्हणतात. लवकर उपचार मिळाले तर जनावर बरं होतं, उशीर झाला तर समोर चारा असून उपाशी राहतं.

अल्पाका म्हणजे उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळला जाणारा प्राणी. त्याचं वेगळं. त्याचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असतो आणि दोन्ही भाग स्वतंत्र हलतात. गवत वेचायचं काम तेच करतात. जीभ फारशी बाहेर येतच नाही. म्हणून मादी पिल्लाला चाटून कोरडं करत नाही. थंडीत ते काम आपणच टॉवेलने करावं. चाटण विटेचाही त्याला पुरेसा उपयोग होत नाही, खनिज मिश्रण भुकटीच्या रूपात द्यावं. मात्र गाईंसाठीचं मिश्रण अल्पाका किंवा मेंढ्यांना देऊ नका. त्यातलं तांबं त्यांना बाधू शकतं.

आखूड गवतावर मेंढ्या आणि अल्पाका पोट भरतील, गाय भरणार नाही. तिच्या जिभेला वेढा घालण्याइतकी उंची लागते. तिला वेगळी वैरण टाका.

लाळ गळणं, घास तोंडातून पडणं, जबड्याखाली सूज दिसणं, यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्यकाला बोलवा. उघड्या हाताने तोंडात चाचपू नका. लाळ्या खुरकुतातही लाळ गळते आणि पिसाळलेल्या जनावराचीही.

पुढच्या हंगामासाठी एकच सांगतो: गवत फुलोऱ्यात येण्याआधी कापा. कुट्टी केली तरी कुसळं चाऱ्यातच राहतात.