‘किती दिवस आत आहे?’ हा प्रश्न अर्धाच आहे : तुरुंग कायद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

सनद हातात आलीय, फौजदारीच करायचं ठरलंय आणि त्यातही बंद्यांसाठी काम करायचंय, अशांसाठी हे लिहितेय. राज्यघटनेचं कलम 21 काय म्हणतं, जामीन कसा होतो, दोषारोपपत्र कधी येतं हे तुम्हाला येतंय असं धरून चालते. ‘तुरुंग कायदा एका आठवड्यात’ असं काही हवं असेल तर ते इथे मिळणार नाही.

आधी पसारा बघा. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय, चौथी नोंद. मुख्य कायदा मात्र इंग्रजांच्या काळातला, 1894 चा. त्याच्या जोडीला 1900 चा बंद्यांविषयीचा कायदा. सगळे इथून सुरुवात करतात आणि बरेचजण इथेच अडकतात. 1894 चा कायदा एका बैठकीत वाचून होतो आणि वाचून झाल्यावर वाटतं, आलं की सगळं! प्रत्यक्षात तुमचं रोजचं काम त्यातल्या कलम 59 खाली झालेल्या नियमांवर चालतं. आपल्याकडे हे नियम 1979 च्या महाराष्ट्र कारागृह नियमपुस्तिकेत एकत्र केलेत. ही पुस्तिका म्हणजे एकसंध कायदा नव्हे. प्रत्येक प्रकरण हा वेगवेगळ्या साली अधिसूचित झालेला वेगळा नियमसंच आहे : फर्लो-पॅरोलचे, म्हणजे बंद्यांच्या रजांचे, नियम 1959 चे, माफीचे, म्हणजे शिक्षेत मिळणाऱ्या सवलतीचे, 1962 चे, खुल्या कारागृहांचे 1971 चे. अर्जात ‘नियमपुस्तिकेनुसार’ एवढंच लिहिलंत तर समोरचा सरकारी वकील हसेल. नियमाचं नाव, साल, क्रमांक, तिन्ही लिहा.

आणखी एक. केंद्राने 2016 मध्ये आदर्श नियमपुस्तिका काढली, 2023 मध्ये आदर्श कायदा दिला. दोन्ही छान आहेत, पण ‘आदर्श’ आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्यातलं एक अक्षरही येरवड्यात लागू होत नाही. महाराष्ट्रानेही 2024 मध्ये स्वतःचं विधेयक आणलं. त्यामुळे अर्ज टाकण्याच्या दिवशी कोणता कायदा आणि कोणते नियम अंमलात आहेत, हे राजपत्रात बघायचं. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या जुन्या प्रतीत बघून चालणार नाही. फर्लो-पॅरोलच्या नियमांत 2016 मध्ये मोठे बदल झाले, 2018 मध्ये पुन्हा झाले. बाजारातल्या कितीतरी प्रतींमध्ये ते नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘नोट्स’बद्दल तर बोलायलाच नको. त्या कुणी लिहिल्या हे कुणालाच माहीत नसतं आणि तरी सगळे त्यावर विसंबतात.

निकालांवर फार वेळ घालवू नका, असं म्हटलं की आमच्या कॉलेजातल्या मंडळींना राग येतो. पण खरंच, सुरुवातीला चार-पाच पुरतात. सुनील बत्राचे दोन, 1978 आणि 1980. दुसऱ्यातलं एक वाक्य रोज कामाला येतं : बंद्याला तुरुंगात कडक शिक्षा द्यायची तर सत्र न्यायाधीशाची नजर त्यावर पडलीच पाहिजे. सुकन्या शांता प्रकरण, 3 ऑक्टोबर 2024. तुरुंगात जातीवरून कामं वाटायची पद्धत त्यात घटनाबाह्य ठरली. आणि माझा लाडका, 1966 मध्ये छापून आलेला प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचा खटला. स्थानबद्ध माणसाने आत बसून मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नियमात जी बंदी नाही ती तुम्ही लादू शकत नाही. परीक्षेत तो कुणी विचारत नाही, पण तुरुंग कायद्याची सगळी गोम त्यात आहे.

आता नवे वकील ज्यात पडतात त्या खड्ड्याकडे येऊ : निकालाआधीची कोठडी शिक्षेतून वजा करायची, म्हणजे सेट-ऑफ, त्याचा हिशोब. जरा लांबण लागेल, पण सावकाश वाचा. वर्षभर मी याच हिशोबात चाचपडत होते आणि वरिष्ठांना विचारलं की ‘सेट-ऑफ मिळतो ना, झालं’ एवढंच उत्तर यायचं.

बंद्याची आई किंवा बायको भेटली की पहिलं वाक्य असतं : ‘तो अडीच वर्षं आत आहे.’ तुम्हीही तेच वहीत लिहून घेता. कायद्याला मात्र तो किती दिवस आत आहे याच्याशी घेणंदेणं नाही. त्याला हवं असतं ‘या केसमध्ये’ किती दिवस. दंड प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 428, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 468, हे ‘त्याच प्रकरणातली’ अटक मोजतं. ज्याच्यावर एकच गुन्हा आहे त्याच्यासाठी दोन्ही आकडे एकच. पण येरवड्यात तुमच्या वाट्याला येणाऱ्या पोरांवर बहुतेकदा दोन-तीन गुन्हे असतात, आणि तिथेच सगळं बिघडतं.

उदाहरण घ्या. एक मुलगा घरफोडीच्या पहिल्या केसमध्ये 10 जानेवारी 2022 ला आत आला. दुसऱ्या पोलीस ठाण्याने चोरीच्या गुन्ह्यात प्रॉडक्शन वॉरंटवर (आत असलेल्या बंद्याला दुसऱ्या केसच्या कोर्टात हजर करण्याचा हुकूम) त्याचा ताबा घेतला 10 जूनला. सप्टेंबरमध्ये पहिल्या केसमध्ये जामीन मंजूर झाला, घरच्यांनी धावपळ करून 10 सप्टेंबरला जामीनदार उभा केला. दुसऱ्यात जामीन नाही, म्हणून पोरगा आतच. पुढे 10 जून 2024 ला दोन्हींचा निकाल लागला : पहिल्यात तीन वर्षं, दुसऱ्यात दोन.

घरचे म्हणणार, तो जानेवारी 2022 पासून आत आहे, म्हणजे दोन वर्षं पाच महिने झाले, तीनातले सात महिने राहिले, जानेवारी 2025 ला सुटेल. कागद काय म्हणतो? दुसऱ्या केसमध्ये 10 जून 2022 ते 10 जून 2024, बरोबर दोन वर्षं. ती शिक्षा त्याच दिवशी संपली. पहिल्या केसमध्ये मात्र अटक धरायची 10 जानेवारी ते 10 सप्टेंबर 2022, आठ महिने. जामीन भरला त्या दिवशी त्या केसपुरता तो सुटला. शरीराने तो बराकीतच होता, पण दुसऱ्या केसचा बंदी म्हणून. म्हणजे तीन वर्षांतून आठ महिने वजा, उरले दोन वर्षं चार महिने. माफी बाजूला ठेवली तर सुटका ऑक्टोबर 2026. घरच्यांच्या तारखेपेक्षा एकवीस महिने उशिरा.

हे एकवीस महिने कुठून आले? पहिल्या केसमध्ये जामीन भरण्याची घाई केली म्हणून. आदेश झाला तरी जामीनदार दिला नसता तर पहिल्या केसमधली कोठडीही चालू राहिली असती. 2001 मध्ये नजाकत आलिया मुबारक अलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की एकाच वेळी दोन केसमध्ये आत असेल तर तो काळ दोन्हीकडे वजा होतो. अपील आपल्याच राज्य सरकारचं होतं. त्याआधी 1984 चा निकाल उलटा होता आणि अजूनही काही लोक तोच डोक्यात ठेवून वाद घालतात.

तेव्हा सरळ सांगते : एकाहून अधिक केसमध्ये आत असलेल्या माणसाचा एका केसमधला जामीन, दुसरीचं काय होणार याचा अंदाज आल्याशिवाय भरू नका. घरचे घाई करतील, त्यांना समजावून सांगावं लागेल. त्यांनी दागिना गहाण टाकून पैसा उभा केलेला असतो आणि वकीलच ‘थांबा’ म्हणतोय हे त्यांच्या पचनी पडत नाही. समजवा. कागदावर रेघा ओढून दाखवा, दोन केस, दोन रेघा.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. दुसऱ्या गुन्ह्याचे पोलीस ताबा घ्यायला येतच नाहीत, असं पुष्कळदा होतं. पोरगा पहिल्या केसमध्ये सहा महिने आत असतो, दुसऱ्या गुन्ह्यात ‘पाहिजे आरोपी’ म्हणून त्याचं नाव असतं, आणि पहिल्यात जामीन मिळून तो गेटवर आला की त्याला उचलतात. ते सहा महिने दुसऱ्या केसमध्ये शून्य. दुसऱ्या गुन्ह्याची कुणकुण लागली तर कधीकधी आपणच त्या कोर्टात अर्ज देऊन ताबा घ्यायला लावणं फायद्याचं ठरतं.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 लाही हाच हिशोब. कमाल शिक्षेच्या अर्ध्या काळानंतर, आणि याआधी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर सुटका, हे सगळ्यांना पाठ असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, हेही असतं. अर्ज तुरुंग अधीक्षकाने स्वतःहून करायचा आहे, हेही कुणीतरी सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 23 ऑगस्ट 2024 च्या आदेशाने ते जुन्या केसनाही लागू झालं. पण पोटकलम 2 लोक वाचत नाहीत : एकापेक्षा जास्त गुन्ह्यांत तपास किंवा खटला चालू असेल तर हा दरवाजा बंद. म्हणून अर्जाच्या आधी बाकीच्या केसचं काय झालं ते बघा. एखादी कधीच निकाली निघालेली असते आणि तुरुंगाच्या नोंदीत जिवंत असते. तो निकालाचा दाखला नेऊन दिला की दरवाजा उघडतो.

आणि दंड. ‘दंड न भरल्यास तीन महिने’ या शिक्षेतून सेट-ऑफ मिळत नाही, ते महिने मूळ शिक्षेनंतर वेगळे भोगावे लागतात. हजार-दोन हजारांसाठी माणसं आत राहतात. निकालाच्या दिवशीच घरच्यांना दंडाचा आकडा लिहून द्या.

हे सगळं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. गणित पाचवीचं आहे. फक्त तारखा कागदावरून घ्यायच्या, तोंडी ऐकून नाही. प्रत्येक केसचं वॉरंट, रिमांडच्या तारखा, जामीन भरल्याची तारीख, आणि कारागृहाचा दाखला. चारही समोर मांडल्याशिवाय अर्ज टाइप करू नका. दाखल्यातही चुका असतात, विशेषतः एकाच नावाचे दोन बंदी असले की. तुरुंगाच्या न्यायिक शाखेतल्या जुन्या कारकुनाला नम्रपणे विचारलंत तर तो दोन मिनिटांत सांगतो की कुठला कागद यायचा राहिलाय. माझं स्पष्ट मत आहे : पहिल्या वर्षात असा एक कारकून तीन सीनियर वकिलांच्या बरोबरीचा. सीनियर तुम्हाला तारखा घ्यायला पाठवतात, कारकून कागद वाचायला शिकवतो. मात्र त्याच्याशी ‘सेटिंग’ लावायला जाऊ नका. तसला शॉर्टकट दाखवणारे भेटतील, गेटबाहेरच्या चहावाल्याकडेच भेटतील. एकदा त्या वाटेने गेलात की तुमचा प्रत्येक खरा अर्जही त्याच नजरेने बघितला जातो.

मुलाखतीला जाताना ओळखपत्र आणि कोरा वकालतनामा न्या. बंद्याच्या सहीवर तुरुंगाधिकाऱ्याची सही-शिक्का लागतो, तो राहिला की पुन्हा हेलपाटा. मोबाइल बाहेर. आत गेल्यावर आधी त्याची तब्येत, घर विचारा, केस नंतर. तो तुमच्याशी खरं बोलेल की नाही हे त्या पहिल्या पाच मिनिटांत ठरतं.

पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यांचं काम हाती आलं की फर्लो, म्हणजे संचित रजा, आणि पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा, यांत गल्लत करू नका. फर्लो कारागृह उपमहानिरीक्षक देतात. तिला कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलला कारण लागतं आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. म्हणजे पुन्हा मोजणी! जन्मठेपवाल्याची चौदा वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे, हे 2023 मध्ये गोव्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. चौदा वर्षं झाली की जन्मठेप संपते हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. ती मरेपर्यंत असते. चौदा वर्षांनंतर फक्त सरकारकडे माफीचा विचार सुरू होऊ शकतो, आणि तोही बहुधा शिक्षा झाली त्या दिवशीच्या धोरणानुसार. नंतरचं धोरण जास्त उदार असेल तर त्याचा फायदा मागता येतो, हे 2010 च्या जगदीश निकालात आहे.

फर्लो नाकारल्याचा आदेश हातात आला की नियम 17 दाखवला जाईल : फर्लो हा कायदेशीर हक्क नाही. खरंय. पण हक्क नाही म्हणून मनमानी चालते असं नाही. नकार बहुतेकदा पोलीस अहवालावर उभा असतो आणि त्यात ‘फरार होण्याची शक्यता’ असं ठोकळेबाज वाक्य असतं. मागच्या वेळी रजेवरून वेळेत परत आल्याची नोंद असेल तर ती पुढे करा. उशिरा आला असेल तर लपवू नका, कारण ते कागदावर आहेच. पुण्याची रिट याचिका मुंबईलाच जाते, उच्च न्यायालयात. कोल्हापूरला सर्किट बेंचचं काम सुरू झालं ते आपल्यासाठी नाही.

पैशांचं विचाराल तर सुरुवातीला फार नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव लावा. विधी साहाय्य बचाव वकिलांच्या यंत्रणेत जागा निघाल्या तर अर्ज करा, तिथे निदान दरमहा मानधन असतं. आणि खात्याच्या बाजूने यायचं असेल, तुरुंगाधिकारी म्हणून, तर तेही इथेच. येरवड्यातलंच दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालय त्यासाठी आहे. तिथून शिकून आलेल्या एका अधिकाऱ्याने मला सेट-ऑफच्या नोंदीचा तक्ता कसा भरतात ते बसून दाखवलं. माझ्या ऑफिसात अजून तोच नमुना वापरतो : वर बंद्याचं नाव, खाली प्रत्येक केसला एक ओळ, आणि ‘एकूण’चा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.