पावसाळ्यात गिटारचे ब्रेस चिकटवताना

मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत साउंडबोर्डला (गिटारच्या वरच्या फळीला) ब्रेस, म्हणजे आतून लावायच्या आधारपट्ट्या, चिकटवू नका. साउंडबोर्डचं स्प्रूस लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. ब्रेस या रेषांना आडवे बसतात, पण त्यांच्या स्वतःच्या रेषा लांबीत असतात, त्यामुळे त्यांची लांबी तशीच राहते. ४०० मिमी रुंद साउंडबोर्ड ८० टक्के आर्द्रतेच्या हवेतून ४५ टक्क्यांच्या हवेत आला की सुमारे ४ मिमी आकसू पाहतो, पण ब्रेस त्याला सोडत नाहीत. मग फळी खचते, नाहीतर मधोमध तडकते. युकुलेले अरुंद असल्याने थोडं निभावून जातं, एवढंच.

साउंडबोर्ड आणि ब्रेस दोन्ही आधी ४०-४५ टक्क्यांच्या हवेत आणा. प्लायवूडच्या पेटीत ४० वॅटचा पिवळा बल्ब लावा, वर दोन-चार भोकं ठेवा. आत हवा दहाएक अंशांनी तापली तरी आर्द्रता जवळपास निम्मी होते. बल्ब लाकडापासून वीतभर लांब हवा. दिवस मोजत बसू नका, फळी रोज किचन काट्यावर तोला. दोन दिवस वजन तेच आलं की ती तयार. बाहेर काढल्यावर तासाभरात चिकटवा, क्लॅम्पसकट परत पेटीत.

स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायची यंत्रं) सर्रास चुकीचा आकडा दाखवतात. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घालून हायग्रोमीटरसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. जेवढा फरक, तेवढा पुढच्या वाचनात धरायचा.