टेनिसच्या आयटीएफ टूरवर पाय रोवायचे आहेत? मग या चुका टाळा

आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, आणि त्याची टूर म्हणजे व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी. तिथल्या पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूच्या हातात 156 डॉलर पडतात. त्यातूनही बऱ्याच ठिकाणी कर कापला जातो. पुरुषांची जागतिक क्रमवारी ठरवणाऱ्या एटीपी या संघटनेचा गुण एकही मिळत नाही आणि पुढचा सामना आठवडाभराने. हॉटेलवर परतताना त्याच्या डोक्यात मात्र हुकलेला ब्रेक पॉइंट घोळत असतो. पुढचे सहा दिवस कुठे राहायचे, कोणाबरोबर सराव करायचा, इथेच थांबायचे की विमान पकडायचे, हे प्रश्न तो उद्यावर ढकलतो. माझ्या मते खालच्या टूरवरची बरीच करिअर याच प्रश्नांवर अडतात. तीनशेव्या आणि सातशेव्या क्रमांकाचे खेळाडू शेजारशेजारच्या कोर्टांवर सराव करत असले, तर कोणता कोण हे चटकन ओळखू येत नाही. फटके दोघांचेही चांगलेच असतात. वर्षाचे 52 आठवडे कोणी कसे वापरले, ते मात्र क्रमवारीत दिसते.

स्पर्धेच्या नावातला आकडा चुकीचा वाचणे

पुरुषांच्या एम15, एम25, महिलांच्या डब्ल्यू35, डब्ल्यू50, डब्ल्यू75, डब्ल्यू100 आणि पुरुषांत त्यावरच्या पायरीवर एटीपीच्या चॅलेंजर 50 ते 175. नावातला हा आकडा विजेत्याला मिळणारे गुण सांगतो. त्याला हजाराने गुणून बक्षिसाची रक्कम काढायला जाल, तर बऱ्याच ठिकाणी फसाल.

खरी चूक याच्या पुढची आहे. एम15मध्ये पहिली फेरी जिंकली की 1 गुण, उपांत्यपूर्व फेरीला 2, उपांत्य फेरीला 4, उपविजेत्याला 8 आणि विजेत्याला 15. एम25मध्ये हेच गुण 1, 3, 8, 16 आणि 25 असे चढतात. दोन्हीकडे पहिल्या विजयाचा गुण एकच! तरीही अनेक जण पुरेशी तयारी नसताना वरच्या पातळीवर जातात, कठीण ड्रॉ (सामन्यांची जुळणी) ओढवून घेतात आणि त्याच एका गुणासाठी झगडतात. चॅलेंजरच्या क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे मुख्य ड्रॉआधीच्या पात्रता फेऱ्यांत, पहिल्याच सामन्यात हरून परतणे तर त्याहून महाग पडते.

आता आणखी एक हिशेब पाहा. एम15मध्ये सलग पाच आठवडे दुसऱ्या फेरीत हरलात, तर 5 गुण. तीन आठवडे खेळून दोनदा तसेच हरलात आणि एकदा अंतिम फेरी गाठलीत, तर 10. म्हणजे गुणांचा हा तक्ता एका चांगल्या आठवड्याला भरभरून देतो आणि पाच बऱ्या आठवड्यांना जवळजवळ काहीच देत नाही. थकलेल्या पायांनी चौथ्या, पाचव्या स्पर्धेत उतरणाऱ्याला हे कळत असते, पण घरी बसलो तर मागे पडू या भीतीने तो खेळत राहतो. क्वालिफायिंगपासून सुरुवात करणाऱ्याला विजेतेपदासाठी दोन-तीन फेऱ्या अधिक मुख्य ड्रॉचे पाच सामने जिंकावे लागतात. आठवा सामना खेळण्याइतका दम शिल्लक नसेल, तर तो आठवडा विश्रांतीचाच असायला हवा. मी तर म्हणेन, वर्षाच्या कॅलेंडरवर आधी विश्रांतीचे आणि सरावाचे आठवडे पक्के करा आणि मग स्पर्धा भरा.

मुदती हुकणे

आयटीएफच्या स्पर्धेत नाव देण्याची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधी, गुरुवारी ग्रीनविच वेळेनुसार दुपारी 2 वाजता संपते. माघार घेण्याची मुदत 13 दिवस आधीच्या मंगळवारी, त्याच वेळेला. सतत टाइमझोन बदलत फिरणाऱ्या माणसाकडून इथे गफलत होतेच, म्हणून फोनवर ग्रीनविचचे घड्याळ वेगळे लावून ठेवा. मुदतीनंतर माघार घेतली तर दंड होऊ शकतो आणि दंड थकला की पुढच्या प्रवेशिका अडतात.

एकाच आठवड्यासाठी अनेक स्पर्धांमध्ये पसंतीक्रमाने नाव देता येते. हा क्रम विचार न करता लावणे ही नेहमीची चूक. गेल्या काही आठवड्यांच्या ॲक्सेप्टन्स लिस्ट (प्रवेश मिळालेल्यांच्या याद्या) उघडा, कट-ऑफ कुठे लागला, म्हणजे कितव्या क्रमांकापर्यंत प्रवेश मिळाला, ते पाहा आणि मगच क्रम ठरवा. क्वालिफायिंगच्या शेवटच्या फेरीत हरलात तरी लगेच सामान बांधू नका. मुख्य ड्रॉमधून कोणी माघार घेतली की त्याची जागा क्वालिफायिंगमध्ये हरलेल्या 'लकी लूजर'ला मिळते. त्या यादीत सही करायला विसरलेल्या खेळाडूची जागा मागच्याला मिळाल्याचे दृश्य फार दुःखद असते.

युरोपबाहेरच्या खेळाडूंसाठी आणखी एक सापळा आहे. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. वसंतातल्या क्ले (मातीच्या) कोर्टच्या स्पर्धांमध्ये हे दिवस संपवून टाकले, तर उन्हाळ्यातल्या सर्वांत सोयीच्या स्पर्धा हातच्या जातात. दिवस मोजायचे काम प्रशिक्षकावर किंवा एजंटवर सोडू नका, स्वतः मोजा.

पैसा: उत्पन्नाकडे पाहून खर्च ठरवणे

2013च्या आकडेवारीवर आयटीएफने मोठा आढावा घेतला होता. प्रवास, निवास, जेवण, स्ट्रिंगिंग (रॅकेटला तारा बसवणे) असा वर्षाचा सरासरी खर्च पुरुष खेळाडूला सुमारे 38,800 डॉलर आणि महिला खेळाडूला सुमारे 40,180 डॉलर येत होता. त्यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेलाच नव्हता. बक्षिसांतून हा खर्च भरून निघायचा तो पुरुषांत साधारण 336व्या आणि महिलांत 253व्या क्रमांकाच्या आसपास. त्यानंतर रकमा बदलल्या, पण चित्राचा आकार फारसा बदललेला नाही. एटीपीने किमान उत्पन्नाची हमी देणारी बेसलाइन योजना आणली, पण तीही पहिल्या 250 जणांपुरतीच.

भारताच्या सुमित नागलचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 2023च्या सप्टेंबरमध्ये बँक खात्यात 900 युरो उरल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले होते. जे मिळवले ते सगळे खेळण्यातच घालत होता. चारच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफायिंगमधून येऊन 31व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ही कथा ऐकून अंगावर काटा येतो. पण ती ऐकून 'शेवटचा पैसा लावला की फळ मिळतेच' असा निष्कर्ष काढला, तर ती मोठी चूक ठरेल. तोच शेवटचा पैसा लावून रिकाम्या हाताने परतलेले कितीतरी खेळाडू आहेत, आणि त्यांच्या मेहनतीत काही कमी नव्हते.

खर्चाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दर आठवड्याचे विमान. ट्युनिशियातले मोनास्तीर, तुर्कीतले अंताल्या, इजिप्तमधले शर्म अल-शेख अशा ठिकाणी त्याच कोर्टवर आठवड्यामागून आठवडा स्पर्धा होतात. एकदा पोहोचलात की तीन आठवडे तिकीट नाही, सरावाला जोडीदार तयार आणि कोर्टची सवय झालेली. पण तिथेच मुक्काम ठोकणे हीसुद्धा चूकच. एकच सरफेस, तेच प्रतिस्पर्धी, तेच डायनिंग हॉल, आणि चौथ्या आठवड्यात मन सुस्तावते. तीन आठवडे पुरेत. स्पर्धेची फॅक्टशीट (माहितीपत्रक) नीट वाचा. आयोजकांकडून निवासाची सोय, विमानतळापासूनची ने-आण, वॉशिंग मशीन हे तिथेच कळते, आणि वर्षभरात या छोट्या गोष्टींनी मोठा फरक पडतो.

जर्मनीच्या डस्टिन ब्राउनने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. आईवडिलांनी घेऊन दिलेल्या कॅम्परव्हॅनमधून तो युरोपभर स्पर्धा खेळत फिरला आणि व्हॅनमधल्या मशीनवर इतरांच्या रॅकेटचे स्ट्रिंगिंग करून पैसे मिळवले. याच खेळाडूने पुढे 2015मध्ये विम्बल्डनला नदालला हरवले. स्ट्रिंगिंग स्वतः शिकणे ही प्रत्येकाला परवडणारी गुंतवणूक आहे. पॉलिएस्टरची स्ट्रिंग तुटेपर्यंत वापरत राहणे ही याउलट खोटी काटकसर. ताण गेलेली स्ट्रिंग कोपराला धक्के देते आणि फिजिओचे बिल स्ट्रिंगच्या कितीतरी पट येते.

दुहेरीला दुय्यम समजू नका. तिथली रक्कम लहान असते, पण एकेरीत सोमवारी हरलेल्याला दुहेरी आठवडाभर सामने देते, आणि सर्व्हिस-रिटर्नचा दबावाखाली होणारा सराव वेगळाच.

दुखापतीत घाई करणे

खांदा दुखतोय, पण क्रमवारीत गुण वर्षभरच धरले जातात आणि गेल्या वर्षीचे याच महिन्यात गळणार आहेत, म्हणून खेळायचे. हा विचार मनात येताच थांबा. एटीपीत निदान सहा महिने दुखापतीमुळे बाहेर राहिलेल्या खेळाडूला संरक्षित क्रमवारीसाठी अर्ज करता येतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या सरासरी क्रमवारीवरून ती ठरते आणि परतल्यावर काही ठरावीक स्पर्धांना ती प्रवेशासाठी वापरता येते. महिलांसाठी त्यांच्या डब्ल्यूटीए या संघटनेची अशीच वेगळी तरतूद आहे. पाचव्या महिन्यात 'एक स्पर्धा खेळून बघतो' म्हणत उतरणारा हा हक्क गमावतो, आणि बहुतेक वेळा खांदाही पुन्हा दुखावतो. अर्ज लेखी आणि वेळेत करायचा असतो, म्हणून डॉक्टरांची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवा.

एका मेसेजने करिअर संपणे

इथे मला अगदी स्पष्ट बोलायचे आहे. अनोळखी माणसाचा मेसेज येईल. आधी कौतुक, मग स्पॉन्सरशिपची भाषा, मग 'फक्त दुसरा सेट सोड'. 2023मध्ये बेल्जियमच्या न्यायालयाने सामने ठरवून हरवून घेणाऱ्या ग्रिगोर सार्ग्स्यानला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या जाळ्यात 180हून अधिक खेळाडू गुंतल्याचे तपासात समोर आले होते. पैशांची चणचण असलेला खेळाडू अशा लोकांना बरोबर सापडतो.

नकार दिला म्हणजे सुटलो, असे समजणे ही सर्वांत घातक चूक. अशी विचारणा झाल्यावर ती आयटीआयएला (टेनिसमधले गैरप्रकार तपासणारी संस्था) न कळवणे हाही गुन्हाच आहे. टेनिसच्या कोणत्याही सामन्यावर पैसे लावता येत नाहीत, अगदी ज्यात तुमचा संबंध नाही त्यावरही, आणि तुमच्या प्रशिक्षकालाही हाच नियम लागू आहे. बाहेर न आलेली दुखापतीची माहिती मित्राला सांगितली आणि त्याने तीवर पैज लावली, तर तुम्हीही अडकता. मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी कळवा. हरल्यावर सट्टेबाजांकडून सोशल मीडियावर येणाऱ्या शिव्या-धमक्या हेरण्यासाठी 2024पासून थ्रेट मॅट्रिक्स ही सेवा सुरू आहे आणि ती आयटीएफ टूरच्या खेळाडूंसाठीही आहे. त्या शिव्या रात्री एकट्याने वाचत बसू नका.

सप्लिमेंटबाबतही तसेच. 2024मध्ये पोलंडच्या अव्वल खेळाडू इगा श्वियातेकच्या चाचणीत ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेले औषध सापडले ते झोपेसाठी घेतलेल्या दूषित मेलाटोनिनच्या गोळ्यांमुळे. दोष किरकोळ ठरला आणि तिचे निलंबन एका महिन्यावर थांबले, कारण गोळ्यांचा स्रोत सिद्ध करता आला. पाचशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला तज्ज्ञ, वकील आणि प्रयोगशाळा कुठून परवडणार? घेता त्या प्रत्येक गोष्टीचे बिल, बॅच नंबर आणि डबीतल्या थोड्या गोळ्या जपून ठेवा. ज्याशिवाय चालते, ते घेऊच नका.

थांबायचे की चालू ठेवायचे, हे पराभवाच्या रात्री ठरवणे

अस्लान करात्सेव्ह 27व्या वर्षी, वर्षानुवर्षे खालच्या स्पर्धा खेळून, 2021च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आला आणि ग्रँडस्लॅमच्या मुख्य ड्रॉच्या पदार्पणातच उपांत्य फेरीत पोहोचला. व्हिक्टर एस्ट्रेया बुर्गोसने पहिले एटीपी विजेतेपद 2015मध्ये कीटोत, 34व्या वर्षी मिळवले. म्हणून 'पंचविशीपर्यंत पहिल्या दोनशेत नाही आलो तर सोडायचे' अशी वयाची रेघ ओढण्यात अर्थ नाही. वर्षभरात आपल्यापेक्षा दोनशे क्रमांक वर असलेल्यांशी किती सामने खेळलो, त्यातले किती तिसऱ्या सेटमध्ये गेले आणि किती जिंकलो, हे मोजा. सलग दोन वर्षे हे आकडे हलले नाहीत, तर प्रशिक्षक, सरफेस किंवा वेळापत्रक यांतले काहीतरी आधी बदलून बघा.

वय अठरा-एकोणीसचे असेल, तर अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसकडे माघार म्हणून पाहू नका. कॅमेरॉन नॉरी आणि बेन शेल्टन हे नावाजलेले खेळाडू तिथूनच आले, आणि 2023पासून कॉलेज क्रमवारीतल्या पहिल्या वीस खेळाडूंना चॅलेंजर स्पर्धांत थेट संधी देणारी योजना आहे. मात्र व्यावसायिक स्पर्धांत घेतलेल्या बक्षिसाच्या रकमेवरून पात्रता अडू शकते आणि ते नियम बदलत असतात. कॉलेजचा विचार मनात असेल, तर पुढचा चेक स्वीकारण्याआधी त्या कॉलेजच्या नियम-विभागाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.