सीव्ही लिहायला बसण्याआधी मार्कशीट काढा

टेम्प्लेट, फॉन्ट, रंग हे सगळं नंतर. आधी दहावीची मार्कशीट, आधार आणि पॅन बाहेर काढा, शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींवरचं स्वतःचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलामुलींची सीव्हीची तयारी इथूनच सुरू होते. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं. शाळेचा फॉर्म भरताना कुणीतरी वडिलांच्या नावाला ‘भाई’ जोडलेलं असतं, म्हणजे घरचे सुरेशराव कागदावर सुरेशभाई होतात. मुलीच्या नावामागे ‘बेन’ लागतं. गायकवाडांच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर आय, दुसऱ्यावर ई. पवारांचा डब्ल्यू गुजरातीतून इंग्रजीत जाताना व्ही होतो. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडेही वाटलं नव्हतं. मग निवड झाल्यावर पडताळणीत माझे कागद नावावरच अडले आणि प्रतिज्ञापत्राची धावपळ संपेपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती.

तर नाव. सीव्हीवर आधी नाव, मग आडनाव लिहिलं तरी चालतं, क्रमाचं कुणी मनावर घेत नाही. पण स्पेलिंग आधारवरचंच हवं. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक, आधारवरच्या नावाने निघतो, पॅनही आधारशी जोडलेलं असतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईघाईने केंद्रावर जाऊन काहीतरी करून येऊ नका. मार्कशीट बरोबर असेल तर तिच्याप्रमाणे आधार करून घ्या. मार्कशीटच चुकली असेल तर आधी शाळेत विचारा. राजपत्रात नावबदल करायची वेळ आली तर त्यात बराच काळ जातो, म्हणून हे काम नोकरी शोधायला लागण्याआधी. मुलाखतीचं बोलावणं आल्यावर नाही.

मोबाइल, ईमेल लिहालच. फोटो, धर्म, लग्न झालंय का, वडिलांचा व्यवसाय हे खासगी नोकरीसाठी नको. आधार क्रमांक तर मुळीच नको. सीव्ही कुणाकुणाच्या फोनवर फिरतो ते आपल्याला कळतही नाही.

खरी मेहनत अनुभवावर घ्या. मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, मशीन शॉपमध्ये काम केलेला मुलगा ‘सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर, दोन वर्षं’ एवढंच लिहितो आणि थांबतो. अरे, टर्निंग की मिलिंग? कंट्रोलर फानुक की सीमेन्स? प्रोग्रॅम स्वतः लिहायचास की दुसऱ्याचा चालवायचास? ड्रॉइंग वाचता येतं? मायक्रोमीटरने कुठवरचा टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, सांभाळलास? नंदेसरीच्या केमिकल युनिटमधल्याने रिअ‍ॅक्टरची क्षमता आणि शिफ्टमध्ये हाताखाली किती माणसं होती ते लिहावं. जबाबदारीचे मोठे मोठे शब्द नकोत, आकडे हवेत, आणि मुलाखतीत समजावून सांगता येतील तेवढेच. नवखे असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट याच पद्धतीने लिहा, आणि एका पानात संपवा.

भाषांचा रकाना लोक उगाच एका ओळीत उरकतात. बोलता, वाचता, लिहिता येणं वेगवेगळं लिहा. आपल्यातल्या पुष्कळांना मराठी बोलता येते पण लिहिताना अडतं, आणि गुजराती मात्र अस्खलित येते. सावली-हालोलच्या प्लांटमध्ये ऑपरेटरशी गुजरातीत बोलू शकणारा सुपरवायझर लागतो. ते स्पष्ट लिहा.

जाहिरात परत वाचा. तिथे ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ म्हटलं असेल आणि ते तुम्ही खरंच केलं असेल, तर तेच शब्द वापरा, कारण बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं. त्याच कारणाने रकान्यांचे तक्ते, चित्रं नकोत, आणि स्कॅन केलेला कागद तर नकोच. वर्डमधून थेट पीडीएफ करा. तयार सीव्ही दुसऱ्याला वाचायला द्या आणि त्याला एवढंच विचारा: नाव आधारवरच्यासारखंच आहे ना? फाइलच्या नावातही तेच स्पेलिंग. नोकरीच्या साइटवरच्या प्रोफाइलवरही.

बाकी भराभर: तारखा महिन्यासकट, मध्ये खंड असेल तर कारण एका ओळीत, चालू पगार लिहू नका, नोटीस पिरियड लिहा, संदर्भ देताना त्या माणसाला आधी विचारा. वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायची मुलाखत, असेल तर दोन छापील प्रती न्या.